वाळूवर नको, भिंतीच्या पूर्वेला: किनाऱ्यावरच्या गावात उन्हाळी वाद्यवृंदाची मैफल कशी उभी करावी

कोकणात ‘ऑर्केस्ट्रा’ म्हटलं की जत्रेतला कीबोर्ड, ऑक्टोपॅड आणि सिनेमाची गाणी डोळ्यांसमोर येतात. इथे विषय वेगळा आहे. व्हायोलिन, चेलो, फ्लूट, ओबो, हॉर्न अशी तीसेक वाद्यं, समोर लिहिलेली स्वरलिपी, एक संचालक, दोनशे श्रोते आणि शक्यतो माइकशिवायचा आवाज. अशी मैफल मे महिन्यात, उन्हं कलताना, सिंधुदुर्गातल्या किंवा गोव्यातल्या किनाऱ्यावरच्या गावात कशी करायची, याची ही तयारी आहे.

वादकांची वाट जवळच आहे. पोर्तुगीज काळातल्या चर्चच्या (पॅरिश) शाळांमधून गोव्यात स्वरलिपी वाचणाऱ्यांच्या पिढ्या तयार झाल्या आणि मुंबईच्या सिनेसंगीताच्या वाद्यवृंदांत त्यांनी जन्म घालवले. आज पणजीच्या कला अकादमीत पाश्चात्त्य संगीत शिकवलं जातं आणि मुंबईत एनसीपीएमध्ये (नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स) २००६ सालापासून सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे. वादक मिळतात, पण गावात जागा चुकली की कसलेल्या वादकांनाही ती मैफल वाचवता येत नाही. म्हणून आधी जागा, मग तिथी, मग वेळ, मग कार्यक्रम आणि वादक शेवटी. बहुतेक ठिकाणी हा क्रम नेमका उलटा होतो.

जागा: समुद्राकडे पाठ करून

पहिला मोह वाळूचा असतो. मागे लाटा, पुढे व्हायोलिन, फोटो सुरेख येतो. वाळूवर मात्र आवाज परत फिरवायला काहीच नसतं. व्हायोलिनचा सूर तिसऱ्या रांगेपर्यंत पातळ होतो, चेलोची टोकदार सळई वाळूत रुतते, खुर्च्यांचे पाय तिरके बसतात आणि वाऱ्याबरोबर उडणारी बारीक वाळू ट्रंपेटच्या झडपांत जाऊन बसते. सोसाट्याचा वारा नसला तरीही हे होतंच.

शाळेत शिकलेले खारे वारे आणि मतलई वारे इथे कामाला येतात. एप्रिल-मेमध्ये खारा वारा साधारण अकरा-बाराच्या सुमारास समुद्रावरून, म्हणजे पश्चिम-वायव्येकडून, जमिनीकडे सुरू होतो, दोन ते पाचच्या दरम्यान जोरात असतो आणि सूर्यास्ताच्या आसपास मंदावतो. दुपारचं ऊनही पश्चिमेकडूनच येतं. म्हणजे एकच भिंत दोन्ही कामं करते. किनाऱ्यावरच्या एखाद्या मोठ्या इमारतीची पूर्वेकडची बाजू शोधा. तिथे वारा अडतो, सावली पडते आणि तीच भिंत वादकांच्या मागे आवाज परतवते. शिवाय त्या भिंतीवरचं ऊन दुपारी साडेबारालाच सरलेलं असतं, त्यामुळे चार-पाचच्या सुमाराला ती पश्चिमेच्या भिंतीसारखी धगधगत नाही.

सावलीचा हिशेब आधीच करता येतो. मेच्या मध्याला मालवणच्या अक्षांशावर ४ मीटर उंचीच्या भिंतीची सावली चार वाजता साधारण ४.५ मीटर, पावणेपाचला ७ मीटर, पाचला ८ मीटर आणि सहाला १८ मीटर पडते. दुमजली शाळेची ७ मीटर उंच भिंत असेल तर पावणेपाचलाच १२ मीटर सावली मिळते. आकड्यांवर विसंबायचं नसेल तर आदल्या आठवड्यात पावणेपाचला जाऊन सावलीच्या कडेवर चुन्याची रेघ मारा.

मेमध्ये जिल्हा परिषदेच्या शाळा सुट्टीमुळे रिकाम्या असतात. लांबलचक इमारत, पुढे पटांगण, बाजूला वर्गखोल्या, पाणी आणि संडास. यापेक्षा चांगली जागा सहसा सापडत नाही. देवळं बहुधा पूर्वाभिमुख असतात, त्यामुळे त्यांच्या समोरचं पटांगणही दुपारनंतर सावलीत येतं. चर्चचं दर्शनी तोंड पश्चिमेला असेल तर पायऱ्यांचा मोह टाळा, कारण तिथे ऊन आणि वारा दोन्ही थेट तोंडावर येतात. मागच्या अंगणाची परवानगी मागा.

भिंत चिऱ्याची, गिलावा नसलेली असेल तर तिच्या खडबडीत भोकांत वरचे स्वर थोडे मुरतात. वादकांच्या मागे ८ फूट बाय ४ फूट मापाच्या, १८ मिलिमीटर जाडीच्या प्लायवुडच्या सहा पाट्या उभ्या करा. मागून लाकडी आधार आणि वाळूची पोती द्या, नाहीतर पाटी शिडासारखी कोसळते. गिलाव्याची भिंत असेल तर पाट्यांची गरज नाही. इमारतीच्या कोपऱ्यापासून मात्र निदान ३ मीटर आत बसा, कारण कोपऱ्यावर वारा वळताना जोर धरतो. दोन इमारतींमधली बोळ तर टाळाच, तिथून वारा नळीतून आल्यासारखा येतो.

डेकोरेटरशी पहिल्याच दिवशी दोन गोष्टी ठामपणे बोलायच्या: वादकांच्या मागे साटीनचा पडदा नको आणि मंचावर लाल गालिचा नको. पडदा भिंतीचा सगळा फायदा गिळतो आणि वर फडफडतो. गालिचा चेलो आणि डबल बेसचा आवाज खातो. प्रायोजकांचा फ्लेक्स प्रवेशाजवळ किंवा बाजूला लावा, भिंतीवर नाही. यावर वाद होतो, तरी मागे हटू नका.

तिथी आणि घड्याळ

मैफल मेच्या पहिल्या पंधरवड्यात उरकावी. नंतर वळवाची भीती वाढते आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात मोसमी पाऊस गोवा-सिंधुदुर्गाच्या दारात असतो. मेचा दुसरा फायदा म्हणजे चाकरमानी गावाला आलेले असतात, श्रोते आयतेच मिळतात. लग्नसराईही तेव्हाच असते. भटजींना विचारून मोठे मुहूर्त टाळा, नाहीतर शेजारच्या वाडीतल्या वरातीचा डीजे तुमच्या सर्वात हळुवार जागी वाजेल आणि मांडववाल्याकडे खुर्च्याही उरलेल्या नसतील.

लाटांच्या आवाजासाठी तिथी पाहायची. किनाऱ्यावर जुना हिशेब आहे: तिथीला पाऊणने गुणलं की पूर्ण भरतीची वेळ येते. अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. म्हणजे अष्टमीला संध्याकाळी सहाला समुद्र अगदी अंगाशी येऊन गरजत असेल, तर पौर्णिमेला किंवा अमावास्येला साडेपाचच्या सुमाराला तो दूर गेलेला असेल आणि उधाणाच्या दिवसांत ओहोटीही सर्वात खोल जाते. त्यामुळे चतुर्दशी ते द्वितीया या दिवसांतली तारीख धरावी. पौर्णिमा मिळाली तर श्रोत्यांना घरी जायला चांदणंही मिळतं. हिशेब ढोबळ आहे. नक्की वेळ बंदराच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यात पाहा आणि रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढायला, जाणाऱ्या माणसांना विचारा.

वेळ पावणेपाच. चारला सूर्य अजून क्षितिजापासून ४० अंश वर असतो आणि मंचाची पुढची कड तापलेली असते. साडेपाचला सुरू केलं तर शेवटी स्वरलिपी वाचायला उजेड कमी पडतो, कारण सूर्यास्त सातच्या सुमारास असला तरी इमारतीच्या आडोशाला अंधार लवकर जाणवतो. पावणेपाच ते सव्वासहा एवढ्यात वाजवणं संपलं पाहिजे. दीपप्रज्वलन, शाल, नारळ, मनोगतं सगळं शेवटी. वाऱ्यावर समई लागत नाही, काड्या जात राहतात आणि तोवर तयार सुरात आणलेली वाद्यं उतरतात. गावच्या मानकऱ्यांना हे कारण सांगितलं की ते ऐकतात, फक्त आधी घरी जाऊन सांगायला हवं.

देवळाची आरती, मशिदीची अजान, चर्चची घंटा आणि माशांच्या लिलावाची वेळ लिहून घ्या आणि मध्यंतर त्यांच्यावर बसवा. यांना गप्प करायला जायचं नाही.

परवानग्या

ग्रामपंचायतीचा ना-हरकत दाखला, शाळा असेल तर शाळा व्यवस्थापन समिती आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांची लेखी संमती आणि पोलीस ठाण्यात अर्ज. ध्वनिवर्धक लावणार असाल तर ध्वनिप्रदूषण नियम २००० नुसार लेखी परवानगी लागते. लावणार नसाल तरी पोलिसांना पत्र द्या, गर्दी आणि गाड्यांचा प्रश्न असतोच. भरतीरेषेजवळच्या पट्ट्याला सीआरझेडचे, म्हणजे किनारपट्टी नियमन क्षेत्राचे, नियम लागू आहेत. वाळूवर मंडप ठोकायचा तर वेगळी परवानगी काढावी लागते आणि ती वेळ खाते. वाळू सोडण्याचं हे आणखी एक कारण. वेळास, मोरजी, आगोंद, गालजीबाग अशा कासवांच्या किनाऱ्यांजवळ असाल तर वनखात्याला विचारल्याशिवाय काहीच ठरवू नका. घरट्यांतली शेवटची पिल्लं उन्हाळ्यात बाहेर पडत असतात आणि समुद्राकडे जाताना ती उजेडाला भुलतात.

संगीताचे हक्क वेगळे असतात. भारतात संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी रचना मुक्त होते, पण कुणी अलीकडे केलेल्या मांडणीचा हक्क त्या मांडणीकाराकडे राहतो. गोव्यातल्या जुन्या मांडो गीताची किंवा नाट्यपदाची नवी मांडणी वाजवणार असाल तर तिच्या कर्त्याची चिठ्ठी घ्या.

वादक आणि मंच

हातात ठेवण्यासारखी संख्या अशी: पहिली व्हायोलिन ६, दुसरी ५, व्हायोला ३, चेलो ३, डबल बेस १. त्यावर फ्लूट, ओबो, क्लॅरिनेट, बसून (खालच्या सुराचं लांब लाकडी फुंकवाद्य), हॉर्न आणि ट्रंपेट प्रत्येकी २ आणि टिंपनीवाला (मोठे नगारे वाजवणारा) १. एकूण ३१ आणि संचालक. एवढ्यात अठराव्या-एकोणिसाव्या शतकातलं बरंच संगीत वाजतं.

अडचण व्हायोला, ओबो आणि बसूनची येते. व्हायोला व्हायोलिनहून थोडा मोठा आणि खालच्या सुराचा असतो. व्हायोलावादक मिळाला नाही तर तिसऱ्या व्हायोलिनसाठी भाग लिहून घेता येतो, पण व्हायोलिन खालच्या पंचमाच्या, म्हणजे ‘जी’ तारेच्या खाली जात नाही. तिथले स्वर एक सप्तक वर घ्यावे लागतात आणि मधला भरणा पातळ होतो. ओबोचा भाग क्लॅरिनेटला द्यायचा तर एक स्वर वर लिहून द्यावा लागतो. तालमीच्या दिवशी ‘बघून वाजव’ म्हणून चालत नाही. बसूनच्या जागी आणखी एक चेलो हा सर्वात कमी नुकसानीचा बदल.

जागेचा हिशेब: व्हायोलिन, व्हायोला आणि फुंकवाद्यांना माणशी १.५ चौरस मीटर, चेलोला १.८, डबल बेसला २, टिंपनीला ६, संचालकाला अडीच. वाटा धरून ११ मीटर रुंद आणि ६ मीटर खोल मंच पुरतो आणि ४ मीटरच्या भिंतीखाली पावणेपाचला तो पुरता सावलीत असतो. मंच डेकोरेटरच्या लाकडी चौक्यांचा, ४५ ते ६० सेंटिमीटर उंच. फुंकवाद्यांची रांग आणखी २० सेंटिमीटर उंच, सव्वा मीटर खोल पायरीवर. चौक्यांचे सांधे पायाने दाबून पाहा. करकरणारी फळी हळुवार जागी बंदुकीसारखी ऐकू येते. सांध्यात गोणपाटाचा तुकडा ठोकला की आवाज जातो.

खुर्च्या बिनहाताच्या हव्यात. मांडववाल्याकडच्या हाताच्या प्लॅस्टिक खुर्चीत व्हायोलिनवाल्याचं कोपर आणि चेलोवाल्याचा गज खुर्चीच्या हाताला आपटतो आणि मागे झुकलेल्या बैठकीत चेलो धरताच येत नाही. शाळेतल्या शिक्षकांच्या लाकडी खुर्च्या, बैठक ४५ सेंटिमीटर उंच आणि सपाट, सर्वोत्तम. चेलोच्या प्रत्येक खुर्चीपुढे एक फूट लांबीची फळी ठेवा. तिच्यात अर्धा सेंटिमीटर खोल खड्डा करा, तिचं एक टोक पट्ट्याने खुर्चीच्या पायांना बांधा आणि सळई त्या खड्ड्यात ठेवा.

स्वरलिपीचे स्टँड तारेचे घडीचे नकोत, पत्र्याचे जड हवेत. तारवाद्यांत दोघांना एक, बाकी प्रत्येकाला एक, असे २५ लागतात. २८ आणा. प्रत्येकाच्या पायाला २ किलोची वाळूची पिशवी बांधा. भिंतीचा आडोसा असला तरी वाऱ्याचा झोत मधूनच वरून खाली उतरतो, म्हणून प्रत्येक स्टँडला कपड्यांचे ४ चिमटे. दहा डझन घ्या, लाकडी असतील तर बरे, कारण उन्हात तापलेला प्लॅस्टिकचा चिमटा तुटतो. तारवाद्यांत पान आतल्या बाजूचा वादक उलटतो आणि बाहेरचा वाजवत राहतो. चिमटे काढून पान उलटून परत लावायला चार सेकंद लागतात. म्हणून पानं आधीच जोडून तीन-तीन पानांचे पट्टे करा, जाड आणि बिनचकाकीच्या कागदावर छापा आणि उलटण्याची जागा विश्रांतीच्या मात्रांवर आणा. टॅब्लेटवर वाचणाऱ्यांनीही कागदी प्रत जवळ ठेवावी. उष्णतेत टॅब्लेट स्वतःला वाचवायला बंद होतो आणि तो कधी होईल ते सांगून होत नाही.

श्रोत्यांची बैठक

दोनशे खुर्च्या १४ ओळींत लांबवर नेण्यापेक्षा २० च्या १० ओळी करा. मधोमध सव्वा मीटर वाट, ओळींत ९० सेंटिमीटर अंतर, मंचापासून अडीच मीटर सोडून. शेवटच्या ओळीची मागची कड मंचापासून साडेअकरा मीटरवर येते आणि माइकशिवाय ऐकू जातं. पहिल्या ओळीपुढे सतरंज्या टाकून मुलांना बसवा.

श्रोत्यांवर पावणेपाचला भिंतीची सावली पोचलेली नसते. त्यांच्यासाठी १२ मीटर बाय ९ मीटरचा झावळ्यांचा मांडव घाला. उन्हाळ्यात अंगणात घालतात तोच. ताडपत्री वाऱ्यावर फडफडते आणि खाली कोंडते. विणलेल्या झावळीतून वारा जातो आणि आवाज होत नाही. जवळपास माड असतील तर आठवडाभर आधी पाडेली बोलावून नारळ आणि सुकलेल्या झावळ्या उतरवून घ्या. माडाखाली लोकांना बसवायचं तर यात तडजोड नाही.

काय वाजवावं

उघड्यावर हळू सुरू होणाऱ्या रचनेने सुरुवात करू नये. श्रोते अजून खुर्च्या सरकवत असतात. हँडलने १७१७ साली थेम्स नदीवर, राजाच्या नौकेसोबतच्या होडीत वाजवण्यासाठी केलेलं ‘वॉटर म्युझिक’ उघड्या हवेसाठीच घडवलेलं आहे. ओबो, बसून आणि हॉर्न वाऱ्याला पुरून उरतात. त्यातल्या चार-पाच चाली, साधारण १२ मिनिटं, आरंभाला. मग मोत्सार्टचं १७८७ सालचं ‘आइना क्लाइन नाख्टमुझिक’. हे फक्त तारांसाठी आहे, त्यामुळे फुंकवाद्यांना १७-१८ मिनिटं सावलीत जाऊन पाणी पिता येतं. नंतर दहा मिनिटांचं मध्यंतर.

मेंडेल्सनला १८२९ मध्ये स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यापलीकडची बेटं पाहिल्यावर सुचलेलं ‘हेब्रिडीज’ किनाऱ्यावर वाजवावंसं वाटणं स्वाभाविक आहे आणि वर दिलेल्या वादकसंख्येत ते तंतोतंत बसतं. त्याची जागा मात्र मध्यंतरानंतर लगेच. सुरुवात व्हायोला, चेलो आणि बसूनवर अगदी दबक्या आवाजात होते. सुरुवातीच्या गोंधळात ती हरवते आणि शेवटही फ्लूटच्या हळुवार सुरात विरतो, त्यामुळे टाळ्यांसाठी ही रचना शेवटी ठेवली तर लोक संपलं की नाही म्हणून बघत राहतात. त्यानंतर मांडो किंवा एखाद्या नाट्यपदाची मांडणी, दहा मिनिटं. नाट्यपद घेताना मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) एका व्हायोलिनला द्या आणि बाकीच्यांना धरलेले स्वर. अकरा व्हायोलिनांनी एकाच वेळी मींड घेतली तर ती अकरा ठिकाणी उतरते. शेवटी ‘वॉटर म्युझिक’मधलाच ट्रंपेट-हॉर्नचा हॉर्नपाइप. तो संपला की कुणाला शंका राहत नाही.

सूर, उष्णता आणि खारी हवा

इथे सगळ्यात जास्त गोष्टी बिघडतात, म्हणून कारणं समजून घ्यावीत.

हवा तापली की आवाजाचा वेग वाढतो, दर अंशाला सेकंदाला साधारण ०.६ मीटर. २० अंशांना तो ३४३ मीटर, ३३ अंशांना ३५१. नळीत हवा कंपवणाऱ्या वाद्यांचा सूर त्यामुळे चढतो, दर अंशाला जवळजवळ ३ सेंट, म्हणजे अर्धस्वराचे शंभरांतले तीन भाग. वादकाच्या श्वासानं नळी आधीच गरम असते, म्हणून प्रत्यक्षात चढ त्याहून कमी येतो, पण येतो. त्याच वेळी व्हायोलिनच्या धातूच्या तारा तापून सैलावतात आणि उतरतात. एकीकडे चढ, दुसरीकडे उतार. ‘ए’ स्वर नेहमीच्या ४४० हर्ट्झवरच ठेवायचा आग्रह धरला तर फ्लूटवाल्याला नळी इतकी ओढावी लागते की तिचे आतले स्वर एकमेकांशी जुळत नाहीत. म्हणून उन्हाळ्यात सुरुवातीपासून ४४२ धरा. ओबोच्या ‘ए’वर सगळ्यांनी सूर जुळवायची रीत चालू ठेवा, पण ओबोवाल्याच्या स्टँडवर इलेक्ट्रॉनिक ट्यूनर असू द्या, नाहीतर दुसऱ्या रचनेपर्यंत सगळा वाद्यवृंद त्याच्यामागे वर सरकतो. खोलीत एकदा, मंचावर बसून दहा मिनिटांनी परत आणि मग प्रत्येक रचनेआधी सूर जुळवा.

एसी बसमधून उतरलेलं वाद्य लगेच उघडू नये. थंड लाकडावर दमट हवेचं पाणी सुटतं. पेटी बंदच ठेवून सावलीत ४५ मिनिटं. क्लॅरिनेट आणि ओबोचं काळं लाकूड अशा एकदम बदलाने तडकतं आणि ती तड दुरुस्त करणारा माणूस गावात नसतो. व्हायोलिन सरसाने जोडलेली असते. बंद गाडी उन्हात राहिली की सरस मऊ पडून सांधे सुटतात, म्हणून ‘पाच मिनिटं’सुद्धा वाद्य डिकीत ठेवू नये. दमट हवेत खुंट्या फुगून अडकतात. जोराने पिळलं तर तार तुटते. खुंटी बाहेर काढून तिच्यावर कोरड्या साबणाची आणि खडूची हलकी रेघ ओढली की फिरते. गजाचे केस दमटपणाने लांबतात. नेहमीचे फेरे आवळूनही गज सैल वाटेल, तरी काठी सरळ होईपर्यंत ताणू नये. टिंपनीला कातडं असेल तर ते दमटपणात उतरत राहतं. भाड्याने घेताना प्लॅस्टिकच्या पडद्यांची मागा.

एक डबा तयार ठेवा: व्हायोलिनच्या चारही तारांचे तीन संच, व्हायोला-चेलोचा एकेक, राळेच्या तीन वड्या, झडपांचं तेल, ओबो-क्लॅरिनेटच्या जादा पात्या (रीड), सुती फडकी २०, सेलोटेप, पेन्सिली, एक जादा गज.

माइक लावायचाच असेल तर

तीनशेच्या वर श्रोते असतील तरच. प्रत्येक वाद्याला माइक नको. संचालकाच्या डोक्यामागे अडीच-तीन मीटर उंचीवर एक जोडी, फुंकवाद्यांवर एक, डबल बेसजवळ एक. सगळ्यांना फोमवर वारा अडवणारी केसाळ टोपणं आणि मिक्सरवर ८० ते १०० हर्ट्झखालचं कापा, नाहीतर वाऱ्याचा घरघराट स्पीकरमधून येतो. मागच्या बाजूला स्पीकर असतील तर त्यांना अंतराप्रमाणे उशीर द्या: २० मीटरला ५७ मिलिसेकंद, त्यावर दहा जादा. मग आवाज मंचाकडूनच आल्यासारखा वाटतो. जनरेटर ५० मीटरवर, पूर्वेकडे, म्हणजे वारा जिकडे जातो त्या बाजूला ठेवा.

आदला दिवस आणि तो दिवस

आदल्या दिवशीची तालीम साडेचार ते साडेसहा, त्याच जागी. सकाळी घेतलेल्या तालमीचा उपयोग निम्माच होतो, कारण तेव्हा वारा उलटा असतो आणि ऊन वादकांच्या डोळ्यांवर. तालमीत काठीला फीत बांधून मंचाच्या चारही टोकांना धरा. जिथे फडफडेल तिथल्या स्टँडना जादा पिशवी. संचालकाने एकदा शेवटच्या ओळीत जाऊन ऐकावं. ट्रंपेट तिथे हमखास जास्त ऐकू येतात. त्यांना वाद्याचं रुंद तोंड स्टँडच्या मागे खाली धरून वाजवायला सांगा.

त्या दिवशी चौक्या आणि मांडव सकाळी सात ते दहा. दुपारी एकला आकाश बघून निर्णय घ्या. पूर्वेला सह्याद्रीवर काळे ढग चढत असतील तर कार्यक्रम वर्गखोल्यांत किंवा सभागृहात हलवा. दोन तास आधी हलवलेली मैफल होते, पहिल्या थेंबानंतर हलवायला घेतलेली होत नाही. तरीही २ मीटर बाय ३ मीटरच्या प्लॅस्टिकच्या १२ शीट मंचामागे ठेवा आणि कुणी काय झाकायचं ते नावानिशी ठरवा. अडीचला खुर्च्या आणि स्टँड, तीनला वादक आणि वाद्यं पंख्याच्या खोलीत, पावणेचारला पेट्या उघडायच्या, सव्वाचारला मंचावर सूर.

काळे कोट नकोत. पांढरा सुती सदरा किंवा साधी सुती साडी, पदर खोचून पिन लावलेली. सुटा पदर आणि ओढणी वाऱ्याने तारांवर येते. पाणी माणशी तासाला अर्धा लीटर, म्हणजे तीन तासांना ४८ लीटर. ६० ठेवा, त्यात लिंबू-मीठ-साखर किंवा कोकम सरबत. सरबत मध्यंतरात आणि मंचावरून खाली उतरून. चिकट बोटं आणि गोड थुंकी दोन्ही वाद्याला वाईट.

संपल्यावर

टाळ्या थांबल्या की वादकांना सत्काराला अडकवू नका, आधी पंधरा मिनिटं वाद्यांना द्या. गज सैल करायचा, तारा आणि लाकूड कोरड्या फडक्याने पुसायचं, फुंकवाद्यांतलं पाणी काढून आतून फडकं फिरवायचं, ट्रंपेट-हॉर्न बाहेरून पुसायचे. खारट दमट हवेचा थर रात्रभर राहिला तर पितळेवर हिरवे ठिपके आणि चाव्यांच्या स्प्रिंगना गंज धरतो. पेटीत ५० ग्रॅम सिलिका जेलची पुडी टाकून झाकण लावायचं. घरी पोचल्यावर पेटी परत उघडून पंख्याखाली तासभर ठेवावी आणि दुसऱ्या दिवशी चाव्यांच्या सांध्यांना तेलाचा एकेक थेंब. स्टँडच्या पिशव्यांतली वाळू जिथून आणली तिथेच ओतून द्या, चिमटे मोजून घ्या आणि शाळेच्या खुर्च्या ज्या वर्गातून काढल्या त्याच वर्गात, त्याच रात्री.